शेवटची मोटार आधी

आभाळात ढग आला की मी अजूनही उठते. हातातलं काम टाकून गच्चीवर जाते आणि मनातल्या मनात हिशेब मांडते. हा ढग आता देवळीवरून पुलगावकडे सरकेल, तिथल्या सौर प्रकल्पाची वीज अर्ध्यावर येईल, उपकेंद्रातला ऑपरेटर फोन उचलेल. मला आता कोणी फोन करत नाही. यंदाच निवृत्त झाले. नवरा म्हणतो, ढग पाहून लोक वाळत घातलेले कपडे काढायला धावतात, तू नुसतीच धावते. त्याचं बरोबर आहे. कपडे तोच काढतो.

माझी नोकरी विजेच्या जाळ्याचं नियोजन करण्याची होती. नातेवाइकांना ती कधीच समजली नाही. लग्नाकार्यात कोणाची ट्यूबलाइट लुकलुकली की ते माझ्याकडे बघायचे. मी खांबावर कधी चढले नाही. पुढच्या काही वर्षांत कोणत्या भागात किती वीज लागेल, ती कुठून आणायची, कोणत्या तारेने न्यायची, उपकेंद्र कुठे बांधायचं, हे आधी ठरवणं हे माझं काम. वर्ध्याच्या कचेरीत बसून मी जिल्ह्याच्या नकाशावर रेघा ओढायचे, आणि त्या रेघांच्या जागी दोन-तीन वर्षांनी खांब उभे राहायचे. खांब पाहिला की बरं वाटायचं. लगेच पुढची काळजी सुरू व्हायची.

काळजीचं कारण सोपं आहे. एवढी वीज साठवून ठेवायची सोय आपल्याकडे अजून नाही. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. पूर्वी हे काम कोळसा करायचा. शेजारच्या जिल्ह्यात कोळसा जळायचा आणि आमच्याकडे दिवे लागायचे. आता तो धूर कमी करायचा तर सूर्याची वीज घ्यायची, आणि सूर्य काही आपल्या सोयीने चालत नाही. दुपारी नको इतकी वीज देतो. संध्याकाळी सावंगीच्या होस्टेलांमधली पोरं खोलीवर येऊन कूलर लावतात, तेव्हा तो मावळलेला असतो. या दोन वेळांचं लग्न लावता लावता माझ्या नाकी नऊ आले.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. वर्ध्याचे एक कापड दुकानदार घरावर सौर पट्ट्या बसवून घेतल्यापासून दर आठवड्याला मीटरचा फोटो घेऊन कचेरीत यायचे. त्यांचं म्हणणं असं की दुपारी मी तुम्हाला माझी स्वच्छ वीज देतो, मग संध्याकाळी मला माझीच परत द्या, दुसऱ्याची कोळशाची कशाला देता. मी त्यांना समजावलं की तारेत सगळ्यांची वीज एक होते, कोणाची कोणती ते ओळखू येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मग माह्या विजेवर खूण करून ठेवा." त्यांना हसले खरी, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. आम्हा सगळ्यांना आपली वीज वेगळी हवी असते, आणि तार एकच असते.

हे मला पूर्ण कळलं ते पुलगावच्या बाजूच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

शेतीच्या पंपांना आपल्याकडे वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळत आली. दिवसा शहरांना आणि कारखान्यांना हवी, रात्री उरली ती शेतीला. माणसांनी रात्री उठून, बॅटरी घेऊन, साप-विंचवातून आणि रानडुकरांतून वावरात जायचं आणि गव्हाला पाणी द्यायचं. योजना अशी निघाली की गावाजवळच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा थेट शेतीच्या लाइनवर सोडायची. सूर्याची वीज तिथल्या तिथे खपेल, तेवढा कोळसा वाचेल, माणसं रात्री झोपतील. एका दगडात इतके पक्षी मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुठल्याच आराखड्यात पाहिले नव्हते. या गावाचा आराखडा मी फार हौसेने केला.

प्रकल्प सुरू झाला आणि महिन्याभरात गावाची तक्रार आली. सोलरची लाइट पातळ आहे, आमची रात्रीची लाइन परत द्या, असं ग्रामसभेत ठराव करून पाठवणार होते. असा एक ठराव झाला असता तर आजूबाजूची गावंही तेच म्हणाली असती. मला बसवेना. त्याच दिवशी गाडी काढली.

लाइनमन सुधाकर मला तारेच्या पार शेवटच्या खांबापर्यंत घेऊन गेला. तिथे वंदनाचं वावर होतं. वंदना चाळिशीची, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघणारी. नवरा सावंगीच्या एका दवाखान्यात रात्रपाळीचा चौकीदार. त्यामुळे शेती तिची एकटीची, आणि घरी रात्री सोबत कोणी नाही. रात्रीची लाइन होती तेव्हा ती कधी जायची, कधी भीतीने नाही जायची, आणि जायची नाही तेव्हा पीक वाळायचं. तिच्या दिराचं वावर लगतच होतं. तो मागेच लागला होता की तुझ्यानं होत नाही, वावर मला ठेक्याने दे.

"दिवसाची लाइन येईन म्हणून मी त्याले थांबवलं," ती म्हणाली. "आता या गव्हाले पाणी नाई पुरलं तं देऊन टाकतो. तोंडानं बोलून बसली मी."

वऱ्हाडात बाईही स्वतःबद्दल बोलताना 'देतो' म्हणते. मी शहरात राहून 'देते' म्हणायला शिकले, पण ते 'देतो' ऐकलं की मला आई आठवते.

आम्ही तिथे उभे असताना लाइन आली. तिच्या मोटारीने नुसतं हुं केलं, थरथरली, आणि लाइन गेली. थोड्या वेळाने परत आली, परत हुं, परत गेली. सुधाकर माझ्याकडे बघत नव्हता. मला कारण कळलं होतं आणि ते मला आधीपासून ठाऊक होतं, त्याचाच राग आला.

ते कारण म्हणजे ऑटो. ऑटो ही मोटारीच्या स्टार्टरला लावायची एक छोटी डबी. ती लावली की लाइन येताच मोटार आपोआप सुरू होते, बटण दाबायला वावरात जावं लागत नाही. गावोगावी प्रत्येक पंपाला ती असते. मोटारीला सुरू होताना चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते. एकेक करून लागल्या तर तार सोसते. पण लाइन आली की गावच्या सगळ्या मोटारी एका दमात उठतात, तारेवर एकदम ओझं येतं आणि ती बंद पडते. म्हणून ऑटोला बंदी आहे. आणि बंदी आहे म्हणून आराखड्यात ऑटो धरत नाहीत. मोटारी आपापल्या सवडीने मागेपुढे सुरू होतील असं आम्ही सगळे गृहीत धरतो, आणि ते तसं होत नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं. रात्रीही असंच व्हायचं. पण रात्री बघायला कोण होतं? ऑपरेटर दोन-तीनदा लाइन लावायचा, तोवर टोकाच्या मोटारींचे फ्यूज उडालेले असायचे, आणि उरलेल्या चालायच्या. टोकावर वंदना होती.

टोकावर ती का होती, हेही मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या सासऱ्याच्या बापाला मिळालेली जमीन गावापासून सगळ्यात लांब, नाल्यापलीकडची. माझ्या आजोबांचं वावरही तसंच होतं.

ग्रामसभा पंचायतीच्या हॉलमध्ये भरली. बाया दाराशी उभ्या होत्या, वंदना त्यांच्यात. मी सगळं फोड करून सांगितलं आणि विनंती केली की ऑटो काढा, पाळीने मोटारी लावा, दिवसाची लाइन टिकेल. लोक वाईट नव्हते. प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं की मी काढतो, पण पहिले त्याचा काढा. तरुण सरपंचाने पाळीची कल्पना उचलून धरली. मग प्रश्न आला, पाळीचा नंबर कसा लावायचा.

"पोळ्याच्या नंबरानं लावा," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना हलल्या.

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात तो क्रम या गावात पिढ्यान् पिढ्या ठरलेला आहे. पहिली जोडी मानाची, ती बापूरावांच्या घरची. मग त्यांचे भाऊबंद, मग बाकीचे, आणि सगळ्यात मागे वंदनाच्या वस्तीतले. आता घरोघर ट्रॅक्टर आले, पोळ्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या निघतात. बैल गेले, नंबर राहिले. त्या नंबरावर गावात कधी भांडण झालं नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना सोयीचा वाटला. पण तो चालणार नव्हता.

कारण विजेला नेमका उलटा क्रम हवा होता. तार जितकी लांब जाते तितका तिचा जोर कमी होतो. बापूरावांचं वावर गावाला लागून, उपकेंद्राच्या जवळ, तिथे जोर भरपूर, तिथली मोटार केव्हाही उठते. टोकाला आधीच जोर कमी पोचतो. वाटेतल्या मोटारी आधी लागल्या तर टोकाची उठणारच नाही, नुसती हुं करून जळेल. म्हणून तार रिकामी असताना आधी टोकाची मोटार उठवायची, मग तिच्या अलीकडची, असं करत गावाजवळची सगळ्यात शेवटी. पहिली वंदना, मग तिचा दीर, आणि शेवटी बापूराव.

हे मी बोलून दाखवलं.

मग एका गृहस्थाने अगदी आदराने विचारलं, "मॅडम, तुमचं आडनाव काय म्हणालात?" मी म्हणाले नव्हते. आता म्हणाले. आम्ही बौद्ध, वंदनाच्या वस्तीसारखेच, ते आडनावातून कळतं. त्या गृहस्थांनी नुसती मान हलवली, जणू आत्ता सगळं समजलं. अठ्ठावीस पानांचा आराखडा एका आडनावात खलास झाला. मला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त भीती वाटली की आता मी खरं बोलले तरी ते विजेचं खरं म्हणून कोणी ऐकणार नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते वंदनाच्या दिराचं बोलणं. तो उठून हात जोडून म्हणाला, "नाई मॅडम. आमाले पहिला नंबर नको जी. आमी मागंच बरे." दाराशी वंदना खाली बघत होती.

बापूराव तोवर काही बोलले नव्हते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, शांत माणूस. त्या हंगामात लाइन सारखी ये-जा करून त्यांचीही मोटार जळून पुलगावला वाइंडिंगला जाऊन आली होती आणि गहू त्यांचाही सुकत होता. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मॅडम, आमची जोडी पहिली राह्यते, ते आमी काई मागून नाई घेतलं. आज्यापासून आहे. पण हे तारेचं मले समजून नाई राह्यलं. एक दिवस करून पाहू. नाई जमलं तं ठराव आहेच. अन् मान काई एका दिवसात कुठी जात नाई."

त्यांच्या बोलण्यात मोठेपणा किती आणि हिशेब किती, हे मी आजही सांगू शकत नाही. दोन्ही असावं. एक दिवस मिळाला, तेवढं मला पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सुधाकर वावरोवावर फिरलो. डब्या उघडून ऑटो काढले आणि पोत्यात टाकले. प्रत्येकाने पोत्यात डोकावून शेजाऱ्याचा ऑटो आत आहे ना ते बघितलं, मगच आपला काढू दिला. एकाने तर ओळख पटावी म्हणून भावाच्या डबीवरचा ओरखडा बघून घेतला. एकमेकांना खबर कशी द्यायची, तर मिस कॉलने. गावात हे सगळ्यांना येतं; सगळ्यांनी एकमेकांचे नंबर मोबाइलमध्ये घालून घेतले. वंदनाने मोटार लावली की दिराला मिस कॉल द्यायचा, त्याने लावून त्याच्या अलीकडच्याला, असं होत होत शेवटचा बापूरावांना. मिस कॉल आल्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही.

निघताना वंदनाने मला बाजूला घेतलं. "तुमी येजा उद्या. एकटीनं पहिलं बटण नाई दाबत मी."

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला हुरहूर नको. ते जमलं. लाइन टिकली, ठराव झाला नाही, आणि वंदनाने वावर ठेक्याने दिलं नाही. अजून तीच करते. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढच्या हंगामात काही डब्यांत ऑटो परत आले, भांडणं झाली, पाळी मोडली, पुन्हा बसवावी लागली. पोळ्याचा नंबर होता तोच आहे. शेजारच्या गावाने आमचं काही ऐकलं नाही. दुपारची सूर्याची वीज काही दिवस वाया जाते आणि संध्याकाळी कोळसा जळतोच. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या टेबलावर नवीन गावांचे आराखडे होते आणि त्यांतही ऑटो धरलेले नव्हते. मी वर लिहून पाहिलं. उत्तर आलं की ज्याला बंदी आहे ते आराखड्यात दाखवता येत नाही. हे आठवलं की मला अजून झोप लागत नाही. पृथ्वी तापते आहे म्हणतात, आणि वर्ध्याच्या मे महिन्यात ते कोणी सांगायची गरज नाही. आमच्याकडे वेळ कमी आहे आणि आम्ही एकेका गावात एकेका डबीपाशी अडकलो आहोत.

तर त्या सकाळी मी वंदनाच्या वावरात गेले. आभाळ स्वच्छ होतं, माझ्या मनासारखं. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडून ती उभी होती, हातात मोबाइल. ठरल्याप्रमाणे लाइन आली. पेटीवरचा तांबडा दिवा लागला. मी म्हणाले, दाब. तिने हात पुढे नेला आणि तसाच ठेवला.

मला वाटलं ती घाबरली. मी पुन्हा म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

"मॅडम, सगळे थांबून राह्यले अशीन आता?"

"हो," मी म्हणाले.

"माहा दीर?"

"तोही."

"बापूराव बी?"

"ते शेवटी. सगळ्यांत जास्त वेळ तेच थांबतील."

"मी बटण दाबीन म्हणून?"

मी व्होल्टेजचं सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "हो, तू दाबशील म्हणून."

तिने हात मागे घेतला. "मंग थांबू द्या थोडं," ती म्हणाली, आणि साडी सावरून वावराच्या कडेला धुऱ्यावर बसली.

माझा फोन वाजायला लागला. ऑपरेटर विचारत होता की लाइन चालू आहे, पण लोड काहीच दिसत नाही, बंद करू का. मी त्याला राहू दे म्हणाले. चालू लाइन रिकामी ठेवायला मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. मग सुधाकरचा फोन आला, लोक विचारून राह्यले मॅडम, काय झालं. त्यालाही तेच सांगितलं. तिकडे ई-क्लासवर पट्ट्या तापत होत्या आणि वीज कोणी घेत नव्हतं. वंदना गावाकडे बघत होती. गहू, त्यापलीकडे नाला, त्यापलीकडे एकेका वावरात फोन हातात घेऊन उभी असलेली बारीक बारीक माणसं.

तिचा मोबाइल वाजला. तिने नाव बघितलं आणि मला दाखवलं. बापूराव होते. पंधरा-वीस वर्षं ती त्या गावात नांदत होती, त्यांचा तिला कधी फोन आला नव्हता. तिने तो उचलून कानाला लावला. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"वंदनाबाई," ते म्हणाले, "लावता काय?"

"लावतो जी," ती म्हणाली. मग उठली, साडीची माती झटकली, आणि बटण दाबलं.